जपानची सोंगं आणि माझी मितू

त्या शनिवारी खोलीत कोण कोण व्हतं ते आधी सांगते, मंग कोणी म्हणायला नको का म्हातारी रचून सांगती. मी व्हते, माझी नात मिताली व्हती, माझा मुलगा दत्तू दारात उभा, तो इथं विलायतेत, पिनरला राहतो, हॉस्पिटलात डॉक्टर आहे, आणि सून अलका जिन्यात. बस. आणि टीव्हीतला तो, मुखवटा घातलेला. त्याला धरायचं का नाही ते तुम्ही ठरवा.

मी पेठकडची, डोंगरातली. शाळा पाहिली ती बाहेरून, शेण गोळा करताना. आमच्या गावात बोहाडा व्हायचा, म्हंजे देवादिकांची अन् राक्षसांची सोंगं नाचवायची, एकेका घराकडं एकेक मुखवटा, बापाकडून लेकाकडं जाणारा. आमच्या मालकांकडं त्राटिका. राक्षसीण. लाकडाचा मुखवटा, जड इतका का डोक्याला फडकी गुंडाळून बांधायचा, आत श्वासाला दोन भोकं, आणि एकदा चढला का माणसाला त्याच्या नावानं हाक मारायची नाही, कारण आत माणूस नाही, त्राटिका आहे. अशी रीत. रीत म्हंजे रीत.

मालक गेले, मंग दत्तूनं मला इकडं आणलं, दोन हजार साल उलटून गेल्यावर. भाकरी करते, खिडकीत बसते, कधी वेम्बलीला नेतात भाजीला. मितू शिकलेली, केमिस्टकडं कामाला, लग्नाच्या वयाची पोरगी, आणि कामावरून आली का खोलीचं दार बंद. टपालानं खोकी यायची, पार जपानहून. दत्तू म्हणला आई, तू घरात असती, बघ जरा काय करू ऱ्हायली ती. मला वाटलं कोणी पोरगा असंल. खोक्याचा वास घेतला मी, काय सांगू तुम्हाला, हसू नका.

मंग शेंगा भाजल्या अन् गेले तिच्या खोलीत, म्हटलं सोबत बसते. तर तिथं जपानी सीरियल. एक गोरागोमटा पोरगा वरडतो, हात फिरवतो, आणि फटकन मुखवटा चढून लढाया लागतो. मी म्हटलं मितू, हा तो नाही, ह्याची चाल वेगळी. ती तिच्या इकडच्या मोडक्या मराठीत म्हणली बरोबर आहे आजी, आत वेगळा माणूस असते, त्याचा तोंड कधीच दिसत नाही, मला तोच आवडतो. एवढं सरळ सांगितलं पोरीनं, म्हणून मला जास्तच संशय आला.

पण बसत गेले. मला ती भाषा नाही, खाली इंग्रजी अक्षरं पळतात ती नाही, म्हणून मी नुसतं अंग बघते. रडायचं तर ह्याला तोंड नाही, डोळे नाहीत, मंग हनुवटी जराशी खाली घेतो, एक खांदा पाडतो, झालं, इकडं माझा पदर डोळ्याला. आणि राक्षस दर खेपेला नवा, हातानं केलेला, काखेत शिवण दिसती. शिवण दिसती म्हणून खोटं वाटत नाही हो, उलट वाटतं कोणीतरी मांडी घालून शिवलंय. अलका चहा घेऊन आली तर म्हणती, हा राक्षस बावळट आहे का, हे हातवारे करून आपापली नावं सांगतात तोवर उभा काय राहतो, हाणत का नाही. मी म्हटलं, सोंगानं आधी नाव सांगायचं मंग युद्ध, राक्षस झाला म्हणून काय मधीच घुसंल व्हय. मितू हसून लोळली. तरी त्या गोऱ्या पोरावर माझा विश्वास नाही, आजबी नाही. फार गोड हसतो.

तर तो शनिवार. मितू म्हणली मी जपानला चालले, तिकडं शाळेत इंग्रजी शिकवीन, आणि हे मुखवट्याचे सूट घालून लढायचं काम शिकीन. दत्तू भडकला. केमिस्टचं काम सोडून सोंगं नाचवणार? आई, तूच सांग हिला, तू बघती ना रोज, काय आहे त्यात? त्याला वाटलं मी त्याचीच, त्यानंच तर मला आत धाडली व्हती. तेवढ्यात टीव्हीत लढाई संपली, मुखवट्यातला उभा, मान लवलेली. मी म्हटलं मागं घे. मितूनं मागं घेतलं. मी म्हटलं हा दुःखात नाही, ह्याला श्वास मिळंना. नाही आजी, ॲक्टिंग आहे, ती म्हणली. कोण खरं, मला अजून ठाऊक नाही.

मंग मी सांगितलं, दत्तूला बी कधी सांगितलं नव्हतं. वैशाखातला बोहाडा, मालकांच्या अंगात ताप, पण नाचायची पाळी चुकवायची नाही. नाचता नाचता मान लवली. लोक म्हणले वा, काय नाचू ऱ्हायली त्राटिका. मला संशय आला. मी पुढं झाले आणि हाक मारली, नावानं. बायकोनं नवऱ्याचं नाव, ते बी मुखवटा असताना. उखाण्याबाहेर तेवढंच एकदा, इथं बी घेणार नाही. संबळ थांबला. मुखवटा काढला तर ओठ निळे. वाचले. पण रीत मोडली म्हणून मुखवटा चुलत दिराकडं गेला आणि बोहाड्यात मला कोणी जवळ बसू देईना. मालक त्यावरून मला कधी टाकून बोलले नाहीत. फक्त वैशाखात संबळ वाजला का गोठ्यात जाऊन बसायचे, बैलाकडं तोंड करून, मरेपर्यंत.

दत्तू पलंगाच्या कडेला बसला. म्हणला, आणि एवढं होऊन बी हिला अडवत नाही तू? मी म्हटलं, ज्याला सोंग लागलं त्याला गोठ्यात बसवून काय मिळतं ते मी पाहिलंय. जाऊ दे.

गेली. रविवारी फोन करती. मागल्या खेपेला म्हणली आजी, सूट मिळाला, राक्षसाची आहे. म्हटलं शाब्बास, त्राटिकेच्या घरची. विचारलं, जवळ कोण असतं? म्हणली एक काका असतात, पाणी देतात, बघतात. नीट बघतात का? म्हणली हो गं. त्या काकांवर मी विश्वास टाकलेला नाही, त्यांना मी पाहिलं नाही.

म्हणून मी सांगितलेलं हे जो कोणी वाचंल त्याला एवढंच, तिकडं कधी गेलात आणि एखाद्या राक्षसाची मान लवलेली दिसली, तर टाळ्या वाजवू नका. पुढं व्हा, नावानं हाक मारा. मिताली म्हणा. रीत मोडली तर मोडू द्या.