आहेराची फिल्म

२०२४ सालचा वैशाख होता. छावणीतला दत्तू फोटोवाला माझा जुना दोस्त. माझ्या पोराच्या लग्नाचं शूटिंग त्यानं करून दिलं आणि काही घेतलं नाही. ते मनात होतं. त्याच्या मुलीच्या लग्नात तो बाप म्हणून उभा, कॅमेरा कसा धरणार? मी सगळं मोबाईलवर टिपलं आणि म्हणालो, "पोरगी दुबईला जायच्या आत फिल्म करून देतो."

सुनेनं कम्प्युटरवर फिल्म जोडायचं स्वस्तातलं सॉफ्टवेअर आणून टाकलं. फिल्म तयार होत आली की ते बंद पडायचं. पुन्हा पहिल्यापासून.

सून म्हणाली, "बाबा, त्याला एवढं झेपत नाय. आहेराचा भाग कापू का?"

"कन्नडहून जीपला लटकून आलेत लोक. ते फिल्ममध्ये दिसले नाहीत तर जन्मभर दत्तूला बोलतील."

"मग कुणाला कापू?"

"आपल्याला काप."

तिनं मला कापलं, सासूला कापलं, स्वतःलाही कापलं. फिल्म झाली. लावून बघितली, तर नवरीच्या तोंडावर आडवं लिहिलेलं, 'पूर्ण सॉफ्टवेअर विकत घ्या'.

"पैसे भरलेत ना आपण?"

"ते अर्ध्याच सॉफ्टवेअरचे होते, बाबा."

पोरगी दुसऱ्या दिवशी निघणार होती. मी मोबाईलमधलं कार्ड काढलं, छावणीत गेलो आणि तिच्या हातावर ठेवलं. "यात सगळं आहे. कुणालाच कापलेलं नाय."

दत्तू म्हणाला, "फिटलं, अण्णा."