सुभेदाराच्या गालाला सोसेल असं ब्लेड

मंडळी, कीर्तनाला उभी राहिलेय खरी, पण माझ्या घशात एक तक्रार अडकलीय. ती बाहेर काढल्याशिवाय देवाचं नाव गोड लागायचं नाही!

तो बघा, खांबाशी खुर्ची टाकून बसलाय. माझा पाठचा भाऊ. सुभेदार रंगराव. बघा, बघा, माना वळवून बघा! गाल कसे लोण्याच्या गोळ्यासारखे! मिशी कशी तासून ठेवलेली! आणि आत्ता देवळाच्या पायरीवर पाटलीणबाईंनी साधं विचारलं, "सुभेदार, तुम्हाला हाताला धरून घेऊन आलं ते पोरगं कोण?" तर हा काय म्हणाला? "शाळेतला मास्तर आहे."

मास्तर! अरे, सख्ख्या लेकीचा नवरा तो! मास्तर काय गावात कमी आहेत? ते येतात का तुला धरून आणायला?

खाली बघू नकोस रंगा. आज तुझंच आख्यान आहे. देवादिकांची किती दिवस सांगायची?

तर मंडळी, ऐका! आजचा सवाल असा — जे मला सोसतं तेच समोरच्यालाही सोसेल, असं धरून जो चालतो, त्याला प्रेमळ म्हणायचं का आडमुठा? नीट विचार करा. घरात तिखट कोण जास्त घालतं, ते आठवा आणि मग बोला! का हो सखूबाई, खाली का बघताय? मी नाव घेतलंय का तुमचं?

बरं. या गोष्टीत राक्षस नाही, रथ नाही. शस्त्र मात्र आहे, आणि तेही दुधारी! दाढीचं ब्लेड. हसा, हसा! ए मागची पोरं, मिसरूड फुटलं नाही अजून, तुम्ही तर आधी ऐका.

हा रंगा फौजेत होता. फौजेत म्हणजे काय, बर्फात असो का वाळूत असो, पहाटे उठून दाढी! पत्र्याच्या डबीतून ते पोलादी मशीन काढायचं. वर टोपी, खाली दात्यांची पट्टी, दोन्हींच्या मध्ये पातळ ब्लेड, आणि खालची दांडी पिळली की सगळं घट्ट. पेन्शनीत आला तरी मोडला नाही नेम. माझी भावजय गेली, तेव्हा सुतकात तेवढी याची दाढी वाढलेली मी बघितली. बाकी जन्मभर गाल कोरा.

आणि एक दिवस अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला. पाय फरफटायला लागला. डाव्या हातानं मशीन धरायला गेला, तर ते परसातल्या दगडावर खण्णकन! गावातला सलूनवाला आपण होऊन दारात आला — भला माणूस! तर हा त्याला म्हणतो, "जन्मात दुसऱ्याच्या हातानं केली नाही, आता काय करू?" लेकीनं त्या पाच-पाच पात्यांच्या प्लास्टिकच्या दांड्यानं करून बघितली, तर गालावर पुटकुळ्याच पुटकुळ्या! झालं. यानं आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवला. सोप्यातून अंगणात येईना. लोक भेटायला आले की तोंडावर पांघरूण! शत्रूला पाठ दाखवली नाही म्हणतो, आणि दूधवाल्याला पाठ दाखवत होता!

लेक कोण? वैजयंता. आम्ही वैजू म्हणतो. बापाच्या सेवेला आली. एकटी कशी येईल? नवराही आला. मल्लिनाथ त्याचं नाव. सोलापूरकडचा, शाळेत चित्रकला शिकवतो. वैजूनं आपल्या मनानं लग्न केलेलं, जात वेगळी. तेव्हा रंगानं सांगितलं होतं, माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. पण आता उंबऱ्यात आडवं व्हायला उठता कुणाला येत होतं? पोरानं इथल्या शाळेत बदली मागून घेतली आणि आला मुकाट्यानं.

आणि त्याची दाढी! अहो, काय सांगू! छातीपर्यंत. काळीभोर, दाट, तेल लावून विंचरलेली. शाळेतली पोरं ऋषीचं चित्र काढायला त्यालाच समोर बसवत. रंगाला तर बघवत नसे. त्याच्याशी एक शब्द बोलेल तर शपथ! तो समोर उभा असला तरी म्हणायचा, "वैजे, त्याला सांग, दिवा बंद कर."

मग आला पंधरा ऑगस्ट जवळ. शाळेचा झेंडा दरवर्षी रंगाच्या हातानं. हेडमास्तर घरी आले. "सुभेदार, गाडी पाठवतो." तर हा म्हणाला, "खुंट वाढलेला माणूस झेंड्यापुढं उभा राहत नाही. दुसरा बघा." आणि कूस बदलून भिंतीकडं वळला.

हेडमास्तर गेले. वैजू चुलीपाशी बसून रडली. मला म्हणाली, "आत्या, झेंडा सोडला म्हणजे आबांनी उठणंच सोडलं. आता हे अंथरूण धरणार."

खरं होतं तिचं. दाढीचा प्रश्न नव्हता मंडळी. माणूस उभा राहणार का आडवाच संपणार, असा प्रश्न होता!

तेव्हा मल्लिनाथ पुढं आला. "मामा, मी करू?"

रंगा हसला. आजारपणात पहिल्यांदा हसला, पण कसा? कुजकं! "वैजे, त्याला विचार, स्वतःचं तोंड त्या झुडपात सापडतंय का? जन्मात पातं धरलं नाही, आणि माझ्या गळ्याशी आणणार?"

पोरगं उठलं. डबी उचलली. परसात गेलं. थोड्या वेळानं कात्रीचा आवाज आला. कच्च... कच्च...

कापली हो! ती दाढी! वैजू धावत गेली, तर पदराएवढी दाढी जमिनीवर आणि हा उरलेल्या खुंटांना साबण फासतोय! "अहो, हे काय?" तर म्हणतो, "मामांचं बरोबर आहे. आधी माझ्या तोंडावर शिकतो. कापलं तर माझं कापेल."

आता सांगा! शिकायला आपण काय वापरतो? दुसऱ्याचं डोकं! सून आली की तिच्यावर सासू व्हायला शिकतो. लेक झाला की त्याच्यावर बाप व्हायला शिकतो. यानं स्वतःचा गाल वापरला!

पण नवशिका तो नवशिकाच. डबीत जुनं गंजलेलं ब्लेड होतं, ते फेकून दिलं, तेवढं बरं केलं. नवं बसवलं, दांडी पिळली, आणि मशीन गालाला लावणार — तोच खिडकीतून आरोळी! "अरे गाढवा! पट्टी उलटी बसवलीस! गाल सोलून निघेल!"

खिडकीत कोण? आमचा सुभेदार! भिंत धरून, पाय ओढत, पलंगापासून खिडकीपर्यंत आपला आपण आला होता!

मंडळी, लग्नानंतर जावयाशी सासऱ्याचा पहिला शब्द काय? गाढवा! पण वैजू मला सांगत होती, "आत्या, मला तो मंगलाष्टकासारखा वाटला हो!"

मग काय, खिडकीत सुभेदार आणि परसात एकट्याची पलटण! "दाबू नकोस! लोखंडाला वजन आहे, ते करेल त्याचं काम!" "आधी ऊन पाणी लाव, खुंट मऊ होऊ दे!" "केस जिकडं झुकतात तिकडंच हात! उलटा हात कुणी मारायला सांगितला?" "आखूड ओढ! रस्ता झाडतोयस का?"

आता ब्लेड कोणतं घ्यायचं? तालुक्याच्या दुकानदारानं नवख्यांसाठी एकेक जातीचं काढून मिसळीची पुडी करून दिलेली. निळं पाकीट, हिरवं पाकीट, पिवळं पाकीट. पोरगं हुशार! साबण तोच, पाणी तसंच, मशीन तेच, बदलायचं फक्त ब्लेड. बरोबर आहे! सगळंच बदललं तर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा, कळणार कसं? आपण काय करतो? भाकरी चिरली की पीठ बदलतो, तवा बदलतो, आणि शेवटी दोष सुनेलाच!

त्यात निळं पाकीट निघालं भारी. भयंकर धार! फोनवरही लोकांनी त्याचंच कौतुक लिहिलेलं. त्याच्या त्या दाट खुंटातून असं गेलं, की कोवळ्या गवतातून विळा. हिरवं लावलं तर अडकायचं, केस ओढायचं, डोळ्यांत पाणी. पोरगं खूश! "मामा, सापडलं! निळं! याच्यापेक्षा चांगलं नाही!"

आला साबण घेऊन. रंगानं कुरकुर करत तोंड पुढं केलं. एक ओढ, दुसरी ओढ... आणि जबड्याखाली टचकन रक्ताची रेघ!

वैजूच्या हातातलं पाणी सांडलं. पोरानं घाईघाईनं तुरटी लावली. रंगा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं! नुसता म्हणाला, "बंद." आणि परत भिंतीकडं तोंड.

काय चुकलं? हात चुकला? नाही. ब्लेड वाईट? मुळीच नाही. चुकलं एवढंच, की पोराच्या गालाला मानवलं ते म्हाताऱ्याच्या गालाला घातलं! पोराची कातडी ताठ, केस राठ. म्हाताऱ्याचे केस विरळ आणि कातडी सैल, पातळ, जुन्या धोतरासारखी. तिला एवढी धार कशी सोसेल?

विष्णुबुवा, पेटी थांबवा जरा. इथं सूर नको. इथं लोकांना आपापलं घर आठवू दे.

दुसऱ्या दिवशी मी भावाला बघायला गेले. तर मल्लिनाथ परसात, आणि त्याचं तोंड असं लाल, की मी म्हटलं, "जावईबापू, गांधीलमाशांच्या पोळ्यात तोंड घातलंत का काय?" तो नुसता हसला. हसतानाही त्याला चुरचुरत होतं. वैजूनं बाजूला घेऊन सांगितलं. गालावर केस उरलेला नसताना हा पुन्हापुन्हा मशीन फिरवत होता! का? तर कातडी हुळहुळी व्हावी म्हणून! म्हाताऱ्याच्या कातडीएवढी नाजूक व्हावी म्हणून! आणि मग त्या सोललेल्या गालावर एकेक ब्लेड लावून बघत होता, कोणतं झोंबत नाही.

निळं लावलं, आग आग झाली. पिवळं लावलं, पाणी आलं डोळ्यांत. हिरवं लावलं... अलगद गेलं. तेच हिरवं, जे त्याच्या दाढीत अडकत होतं! ज्याला त्यानं आधी टाकाऊ म्हटलं होतं!

मी ही जीभ घेऊन जन्माला आलेय मंडळी, गावाला ठाऊक आहे. पण तिथं माझी जीभ चालेना. मी नुसतं त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला.

रंगाला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण त्याची नजर फौजेतली! झेंड्याच्या दिवशी पहाटे मल्लिनाथ त्याला चहा द्यायला वाकला, तर यानं विचारलं, "वैजे, याच्या तोंडाला काय झालंय?" वैजूनं सगळं सांगितलं. कसं कसं केलं, कशासाठी केलं, सगळं.

रंगा चहा प्यायचा विसरला. चहावर साय धरली. मग म्हणाला, "आण ती डबी."

ऊन पाण्याचा पंचा गालावर ठेवला. ब्रशनं साबणाचा फेस झाला. हिरवं ब्लेड, पट्टी सुलट. पोरानं डाव्या हातानं कातडी हलकेच ताणली, आखूड आखूड ओढीनं गाल झाले, मिशीची कड झाली. राहिला गळा. जिथं आधी रक्त आलं होतं तोच गळा! मल्लिनाथ थांबला. त्याला पुढं हात नेववेना. मी दारात उभी राहून बघत होते!

आणि रंगानं डोळे मिटले. हनुवटी वर केली. गळा मोकळा पुढं केला. म्हणाला, "चालू दे."

एक थेंब नाही आला हो! एक थेंब नाही!

हेडमास्तरांनी दोरी दुसऱ्या कुणाच्या हातात दिलीच नव्हती. हा झेंड्याच्या खांबापाशी गेला. काठीवर, पण आपल्या पायानं. डाव्या हातानं दोरी ओढली. सलामीचा हात उठत नव्हता, तर मान अशी ताठ केली, की पोरांना वाटलं हीच सलामी! आणि चार पावलं मागं एक लाल तोंडाचं पोरगं उभं होतं, बिनदाढीचं, कुणी ओळखलंसुद्धा नाही त्याला.

कळला का सवाल, मंडळी? स्वतःला आवडलं ते दुसऱ्याला देणं सोपं आहे. सगळे तेच करतात आणि वर म्हणतात, "मी एवढं केलं, तुला किंमत नाही!" समोरच्याची कातडी केवढी पातळ आहे, हे आधी आपल्या अंगावर जाणून घ्यायचं, आणि मग हात उचलायचा. सासवांनो, सुनेला बोलण्याआधी हे करा. बापांनो, पोराच्या गळ्यात आपली इच्छा घालण्याआधी करा. सगळ्यांत धारदार शब्द आपल्याकडं असतो, म्हणून तोच वापरायचा का? हे मी मलाही सांगतेय, हसू नका!

थांबा, टाळ उचलू नका. एकाशी बोलायचं राहिलंय.

रंगा, इकडं बघ. काठी आपटू नकोस, मी थोरली आहे तुझी! गाव त्या पोराचं कौतुक करेल, करूच दे. पण मी त्या दिवशी दारातून तुला बघत होते. ज्या हातानं एकदा रक्त काढलं, त्याच हातापुढं तू डोळे मिटून गळा पुढं केलास. लढाईत दाखवलं नसशील असं काळीज ते, आणि मला तुझा अभिमान आहे. पण ऐक. असा गळा माणूस शाळेतल्या मास्तरापुढं करत नाही, पोटच्या पोरापुढं करतो. तुझ्या गळ्यानं त्याला त्याच पहाटे जावई मानलंय, रंगा! जीभ तेवढी तुझी रांगेत मागं राहिलीय. सुभेदार ना तू? मग घे तिला पुढं!