मावशींची झोप

हसाल तुम्ही, पण कॉलेजच्या समाजसेवेच्या प्रोजेक्टमध्ये मी काय केलं सांगू? चक्क झोपले.

मंडईतल्या एका भाजीवाल्या मावशींची अडचण शोधायची आणि ती सोडवायची, असं काम होतं. फॉर्म काढून मी विचारलं, "मावशी, तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती?"

"झोप," त्या म्हणाल्या. "दुपारी अख्खं पुणं झोपतं. मी तेवढी कोथिंबिरीवर पाणी मारत बसते."

"मग आज झोपा तुम्ही. गाळा मी सांभाळते."

मावशी पोत्यांवर आडव्या झाल्या. गिऱ्हाईक नव्हतंच. वर उंच छताशी पारवे घुमत होते, ओल्या मेथीचा वास येत होता, आणि उन्हाचा एक कवडसा टोमॅटोंवरून हळूहळू वांग्यांकडे निघाला होता. तो वांग्यांपर्यंत पोचेस्तोवर मी कुठल्यातरी मळ्यात होते, आणि पारवे माझ्याशी मराठीत बोलत होते.

जाग आली तेव्हा कवडसा गेला होता. अंगावर मावशींची शाल होती. गिऱ्हाइकानं उठवलं होतं, पण त्यांना. त्या एका आजोबांना दटावत होत्या, "हळू बोला हो, पोरगी झोपलीय."

ओशाळून मी फॉर्म पुढे केला. सही नसती तर मार्क गेले असते. चष्मा लावून मावशींनी एकेक रकाना वाचला.

"लाभार्थी म्हणजे ज्याचा फायदा झाला तो ना?"

"हो."

"मग तुझं पूर्ण नाव सांग."