उतारावरची बंद गाडी

माझं माहेर अमळनेरकडचं, सासर पारोळ्याकडचं, आणि आता आम्ही सुरतेतल्या गोडादऱ्याचे, म्हणजे तसे कुठलेच नाही. गावाला गेलं की सुरतवाले आले म्हणतात आणि इथं शेजारीण मराठी लोक म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा हे कापडाच्या लूमवर होते, त्या खडखडाटानं कान इतके बसलेले की घरी आल्यावरही ओरडूनच बोलायचे. मला वाटलं नवरा तापट मिळाला. नंतर कळलं, तापट नाही, ऐकू कमी येतं. त्यापेक्षा तापट बरा होता असंही कधी कधी वाटलं, जाऊ द्या.

मग गावच्याच एका ट्रकवाल्यानं ह्यांना गाडी शिकवली, आणि शिकवताना जे सांगितलं तेच ह्यांनी मंत्रासारखं धरलं. उतार लागला की इंजिन बंद. चढावर पेट्रोल जळतं ते नाइलाज आहे, पण उतारावर गाडी आपोआप पळते, तिथं इंजिन चालू ठेवणं म्हणजे स्वयंपाक झाल्यावर चूल पेटती ठेवणं. हे मला पटलं, मी चुलीसमोरच वाढले. माझ्या सासूला मात्र शेवटपर्यंत पटलं नाही. ती म्हणायची, बंद गाडी कशी चालस रे भिकन? हे म्हणायचे, माय, तू झोपमा बी बोलस ना, तशी चालस.

काय सांगू ताई तुम्हाला, ह्या एका गुणावर ह्यांना शेठकडे नोकरी लागली. साड्यांचे मोठे व्यापारी. त्यांची जुनी काळी गाडी होती, गोल पाठीची, म्हशीसारखी, आणि तेवढंच पिणारी. हे बसले आणि तिचं ॲव्हरेज वाढलं. शेठ भिकनचं भीखुभाई करून मार्केटमध्ये सांगत फिरायचे, आमचा भीखुभाई गाडी हवेवर चालवतो. बाकीचे शेठ आपापल्या ड्रायव्हरांना टोमणे मारायचे, शिका जरा त्याच्याकडून. लोकांना पोरांच्या मार्कांचं कौतुक असतं, ह्या शेठलोकांना ॲव्हरेजचं. आणि आमचे हे, घरी आले की बूट काढायच्या आधी सांगायचे, आज ब्रिजवरून बंद केली ती सिग्नलपर्यंत नेली. मी साडीला टिकल्या लावत बसलेली असायची, म्हणायची, बरं झालं. मला काय कळणार, पण माणसाचा चेहरा कळतो की. लूमवर असताना तो चेहरा कधी असा नव्हता.

प्लेग झाला, अर्धी सुरत पळाली, परत आली, धंदे पुन्हा उभे राहिले, आणि त्यानंतर मग शेठनी नवी गाडी घेतली. परदेशी. पांढरी. मीही बघायला गेले होते, सगळ्या नोकरमाणसांच्या बायकांना पेढे द्यायला बोलावलं होतं. शेठ प्रत्येकाला बसवून दाखवत होते, ही काच बटणावर खाली जाते, हे स्टिअरिंग करंगळीनं फिरतं, आणि ह्याच्या पोटात फुगा आहे, टक्कर झाली की फुगतो आणि माणूस वाचतो. शेठाणीची बहीण म्हणाली, फुगवून दाखवा ना. शेठ म्हणाले, एकदाच फुगतो. ती म्हणाली, मग काय उपयोग.

कंपनीचा एक टायवाला आला होता गाडी द्यायला. त्यानं सगळं समजावून सांगितलं, बराच वेळ, इंग्रजीत, शेठना. शेठ मान डोलवत होते. त्यांचं इंग्रजी माझ्याएवढंच, पण मान चांगली डोलवायचे. आणि ज्याला ती गाडी चालवायची तो माणूस कुठं होता, तर बाहेर चाकांखाली लिंबं ठेवत होता. शेठाणीनं सांगितलं होतं, चारही चाकांखाली नीट बसली पाहिजेत, एकही निसटायला नको, म्हणून हे गुडघ्यावर बसून लिंबं बसवत होते. मग नारळ, मग बॉनेटवर कुंकवाचा साथिया, म्हणजे आपलं स्वस्तिक. सगळं झालं तोवर टायवाला पेढा खाऊन गेला होता. ताई, मी देवाला दोष देत नाही. लिंबं चांगली होती. पण ते बोलणं ह्यांच्या कानावर पडलं असतं तर, आणि कान बसलेले असले तरी हे ओठांवरून सगळं ओळखायचे. पण इंग्रजीतले ओठ कसे ओळखणार, तेही खरंच.

पट्टाही होता गाडीला, छातीवरून लावायचा. ह्यांनी लावला पहिल्या दिवशी. शेठ उतरायला निघाले तेव्हा हे पट्टा सोडवत बसले आणि शेठना आपलं दार आपण उघडावं लागलं, तेही दुकानासमोर, चार लोकांत. दुसऱ्या दिवसापासून पट्टा बंद. ड्रायव्हर आधी उतरला पाहिजे, हा कायदा सरकारच्या कायद्याआधीचा आहे.

मग एकदा मुंबईचे एक व्यापारी आले, त्यांना घेऊन शेठ सापुताऱ्याला निघाले. जेवणं झाली, दुपारी घाट उतरताना शेठ मागून मोठ्यानं म्हणाले, भीखुभाई, जरा बतावो तो महेमानने. दाखवा म्हणे तुमची कला. ह्यांनी चावी फिरवली, इंजिन बंद. गाडी गुपचूप उतरायला लागली, पाहुणा म्हणाला वाह, हे मला ह्यांनीच सांगितलं, वाह म्हणाला म्हणून. पुढं वळण आलं. ब्रेक दाबला, लागला. परत दाबला, थोडा लागला. मग पायाखाली दगड झाला. जुन्या गाडीचा ब्रेक माणसाच्या पायावर चालायचा, हिचा इंजिनच्या जोरावर, आणि इंजिन झोपवलेलं. करंगळीनं फिरणारं स्टिअरिंग दोन्ही हातांनी हलेना. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला डोंगर. ह्यांनी सगळा जीव लावून डोंगराकडे ओढली, स्वतःची बाजू घासत नेली. मागच्या दोघांना खरचटलं. ह्यांची छाती स्टिअरिंगवर आणि उजवा पाय पत्र्यात. आणि तो फुगा फुगला नाही. चावी बंद तर तोही बंद.

शेठ दवाखान्यात आले, फळांची टोपली घेऊन. म्हणाले, भीखुभाई, तमे तो घरना माणस. घरचा माणूस आहेस, म्हणून घरचं ऐक, पोलीस विचारायला आले की सांग, मी माझ्या मनानं बंद केली. ह्यांनी तसंच सांगितलं. मी म्हटलं, अहो, त्यांनी सांगितलं म्हणून केलीत ना? हे म्हणाले, चावीला हात माझा होता. बस. लायसन गेलं. पाय आखूड झाला.

पण ताई, इथपर्यंत हे धड होते. दुखलं तरी रडले नाहीत, घरी आल्यावर पोरीला चेष्टेनं म्हणायचे, आता मी कायमचा उतारावर. मग विम्याचा एक माणूस घरी आला, बडोद्याचा, सभ्य, खाली चटईवर बसला, चहा घेतला. सगळं लिहून झाल्यावर सहज म्हणाला, काका, तुम्ही बंद केली कशाला? हे म्हणाले, पेट्रोल वाचवायला. तो हसला, वाईट मनानं नाही. म्हणाला, काका, ही नवी गाडी आहे, उतारावर गिअरमध्ये ठेवून पाय काढला की ती स्वतःच पेट्रोल तोडते. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं, ब्रेकही जागा राहतो. तुम्ही बंद करून काहीच वाचवलं नाही.

हे बघत राहिले त्याच्या ओठांकडे. मग विचारलं, थेंबभरही नाही?

नाही काका. थेंबभरही नाही.

तो गेला आणि हे भिंतीकडे तोंड करून झोपले. तेव्हापासून तसेच आहेत म्हणा. खातात, उठतात, पण बोलत नाहीत. माणसाचा पाय गेला तर कुबडी मिळते. ह्यांचं तर आयुष्यभराचं शहाणपण गेलं, त्याला मी काय टेकू देऊ? पूर्वी वाचवलं ते खरंच होतं, म्हणते मी त्यांना, जुन्या गाडीवरचं तर खरं होतं ना. ऐकू येत नाही असं दाखवतात.

शेठनी नवा ड्रायव्हर ठेवलाय. पट्टा लावतो म्हणे. दुकानात शेठ सांगतात, आजकालच्या ड्रायव्हरांना टेक्नॉलॉजी समजत नाही. लोक मान डोलवतात.

बघा, आत्ता बघा, खिडकीशी बसलेत ते. बाहेर उतारावरून टेम्पो येतोय ना, त्यांच्या उजव्या पायाकडे बघा. दाबतात. जमिनीवर. प्रत्येक गाडीला दाबतात, दिवसभर. मी आधी म्हणायची, अहो सोडा. आता नाही म्हणत. तेवढंच काम राहिलंय त्यांच्याकडे.

निघा आता, तुमचे साहेब खाली गाडीत वाट बघत असतील. पट्टा लावा. उतारावर चावीला हात लावू नका म्हणावं त्यांना, गिअरमध्येच राहू द्या. सुखरूप जा. देव सांभाळील. आमच्या वेळी त्याचं लक्ष लिंबांकडे होतं.