बावीस आटे

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, म्हणजे या व्यासपीठावरच्या निम्म्या मंडळींना कधी ना कधी बाकावर उभं केलेल्या आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई. प्रमुख पाहुण्या आणि तीनच आठवड्यांपूर्वी निवडून आलेल्या आपल्या नगराध्यक्षा ताई. पाणीखात्याचे अभियंता साहेब. मुख्य लिपिक साहेब. आजचे सत्कारमूर्ती, एकतीस वर्षं खांद्यावर लोखंडी चावी वाहिल्यामुळे अजूनही एका अंगाला झुकून बसणारे आपले चावीकाका. शेजारी बसलेल्या काकू. आणि सपाटीवरच्या पाच व चढावरची एक अशा सहाही गल्ल्यांतल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

आधी हिशेब सांगते, मग भाषण. लोकांचे पैसे माझ्या डब्यात असले की मला दुपारी डोळा लागत नाही. खुर्च्या ऐंशी, भाड्याने, चारशे ऐंशी रुपये. काकांसाठी गरम कोट एक, दुकानदार सोळाशे सांगत होता, मी दोनदा दुकानाची पायरी उतरल्यावर साडेचौदाशेला दिला. फुलांचे गुच्छ दोन, एकशे साठ. ध्वनिक्षेपक अकराशे रुपये, इतका महाग आहे म्हणून मी तो पुरेपूर वापरणार आहे, मंडळींनी समजून घ्यावं. चहा बायकांनी घरून आणला. वर्गणी जमली तीन हजार दोनशे वीस. खर्च जाऊन तीस रुपये उरले. त्यांतले पाच एका कामी लागले, ते शेवटी सांगेन.

आणखी एक वस्तू आली, ती फुकट. हा टंकलिखित कागद. काल पाणीखात्याचा शिपाई तो घरी देऊन गेला. मी विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "तुमचं भाषण, बाई. साहेबांनी करून दिलंय. तुम्हाला त्रास नको." आयुष्यात कुणी माझा त्रास असा वाचवायला आलं की मी आधी चष्मा शोधते.

पहिला परिच्छेद चांगला आहे. काकांच्या सेवेचं कौतुक वगैरे. दुसरा वाचून दाखवते. "मी एक अल्पशिक्षित गृहिणी असून मला यंत्रसामग्रीचे ज्ञान नाही. सबब माझ्या दिनांक अमुकच्या पत्रात बावीस आटे असा जो उल्लेख आला तो अज्ञानातून झाला असून प्रत्यक्षात चौदाच आटे दिले जात होते."

मंडळी, मी मॅट्रिक आहे. फार शिकलेली नाही हे खरं. पण चौदा आणि बावीस यांतला फरक कळायला मॅट्रिकची सुद्धा गरज लागत नाही. आमच्या गल्लीतल्या चार वर्षांच्या पोरीला तो कळतो. कसा, ते सांगते. हा कागद मी घडी करून ठेवते.

ताई, तुम्ही सपाटीवरच्या. तुमच्यासाठी थोडं मागून सांगायला हवं. चौकात लोखंडी झाकणाखाली सहा व्हॉल्व्ह आहेत, एकेका गल्लीचा एकेक. त्यावर उंच चावी बसवून फिरवायची. एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. काका पहाटे यायचे आणि मोठ्याने मोजायचे. एक. दोन. तीन. त्यांचं बोलणं म्हणाल तर दिवसभरात तेवढंच. काकू, चुकत असेन तर सांगा. नाही ना? बघा.

तो आवाज वर आमच्या खिडक्यांपर्यंत यायचा. दहा झाले की उठायचं, पंधराला बादली नळाखाली लावायची, बावीसला पाणी. मी पहाटे जपाला बसते. डोळे मिटलेले, हातात माळ, आणि कान चौकात. देवाने मला क्षमा करावी, पण कितीदा तरी त्याच्या नावाऐवजी माझ्या तोंडून "सतरा" निघालं आहे. सासूबाई म्हणायच्या, "तुला मोक्ष मिळणार तो नळावर." आमच्या गल्लीतली पोरं शाळेत जायच्या आधी बावीसपर्यंत मोजायला शिकतात. मुख्याध्यापिका बाईंना विचारा, त्या नेहमी म्हणायच्या, "चढावरची मुलं तेविसाला अडतात."

हे बावीस आले कुठून? कागदावर चौदाच होते, आधीपासून. सहाही गल्ल्यांना चौदा. काका नवीन होते तेव्हा तेही चौदाच द्यायचे. एके दिवशी सासूबाई चौकात जाऊन कडाडल्या, "अरे, तू खाली मोजतोस, आम्ही वर हवा भरतो!" दुसऱ्या दिवशी काकांनी एक आटा जास्त दिला आणि एकसष्ट पायऱ्या चढून आमच्या नळापाशी येऊन उभे राहिले. नुसती फुसफुस. तिसऱ्या दिवशी सोळा दिले, पुन्हा वर आले. असे आठ दिवस. बाविसाव्या आट्याला हंड्याच्या तळावर धार वाजली. काकांनी मान हलवली आणि निघाले. सासूबाई चहा घे म्हणाल्या तर म्हणाले, "खालच्या गल्ल्या बघून येतो. त्यांचं कमी झालं नसेल ना?" झालं नव्हतं. सपाटीवरच्या मंडळींनो, एकतीस वर्षांत तुमची एक बादली तरी आमच्यामुळे कमी भरली का? हात वर करा. बघा, एकही नाही.

आता माझा गुन्हा सांगते.

काका निवृत्त होणार हे कळलं तेव्हा माझ्या मनात आलं, रोज देवाचे आभार मानते, आणि ज्या माणसाच्या हातून तो पाणी पाठवतो त्याला आपण एकदाही काही म्हटलं नाही. म्हणून मी खात्याला पत्र लिहिलं. चार पानी, चांगल्या अक्षरात. वाटलं, साहेब वाचतील, काकांना एखादं प्रशस्तिपत्र देतील, काकू ते भिंतीवर लावतील. आमचे हे म्हणालेही, "मला एवढ्या वर्षांत चार ओळी लिहिल्या नाहीस, आणि चावीवाल्याला चार पानं?" मी म्हटलं, "तुम्ही रोज पाणी आणत असता तर तुम्हालाही लिहिली असती."

त्या पत्रात मी लिहिलं की हुकूम चौदाचा असूनही काका आमच्यासाठी आठ आटे जास्त देतात, म्हणून आमच्या गल्लीतली अठरा घरं अंघोळ करून कामाला जातात.

दहा दिवसांनी काकांना कारणे दाखवा नोटीस. लेखी आदेशाचा भंग. चावी काढून घेतली, काकांना कचेरीत एका स्टुलावर बसवलं, आणि पेन्शनची फाईल चौकशीच्या फाईलखाली गेली.

मी धावत कचेरीत गेले. मुख्य लिपिक साहेब, तुम्हीच होता. मी म्हटलं, "अहो, मी तक्रार नाही केली, आभार मानलेत!" तुम्ही आवक नोंदवही माझ्यापुढे फिरवलीत. म्हणालात, "बाई, हे बघा. तक्रार, मागणी, बिल. तीनच रकाने. तुमचं पत्र मागणीत बसेना, बिलात बसेना, म्हणून तक्रारीत घेतलं. आणि तक्रार एकदा नोंदवली की चौकशी करावीच लागते."

मी विचारलं, "आभाराचा रकाना का नाही?"

तुम्ही म्हणालात, "कधी कुणी पाठवलेच नाहीत."

साहेब, त्या वाक्यावर मी रात्रंदिवस विचार केला आहे. राग तुमच्यावर होता, तो अर्ध्या रस्त्यात माझ्यावर वळला. शहरभर पाणी, दिवे, झाडू, टपाल रोज दारात येतं, आणि इतक्या वर्षांत आपल्यापैकी एकाही माणसाने एक ओळ आभाराची लिहिली नाही. मग रकाना कशाला आखतील? काकांना मी अडकवलं हे खरं, पण त्या रकान्याच्या रिकामपणात आपण सगळेच आहोत.

त्यानंतर तोडगा निघाला, तो म्हणजे हा कागद. मी आज नगराध्यक्षांसमोर म्हणायचं की मला मोजता येत नाही, चौदाच आटे होते. मग आदेशाचा भंग नाही, चौकशी बंद, पेन्शन सुरू. अभियंता साहेब, तुम्ही हे चांगल्या मनाने केलं असेल असं मी धरून चालते.

खोटं बोलायला माझी ना नव्हती. देवाशी मी ते नंतर मिटवलं असतं. काकांचं घर त्या पेन्शनवर चालणार आहे. म्हणून काल संध्याकाळी हा कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "काका, वाचून टाकते. माझी अक्कल गेली तरी चालेल, तुमचे पैसे सुटू देत."

काकांनी कागद वाचला. मग त्यांनी मला जे सांगितलं तेवढं सलग बोलताना मी त्यांना आजवर ऐकलं नव्हतं. म्हणाले, "वहिनी, चौदा म्हणालात तर ते चौदाच कायम होतील. माझ्या जागी कुणीही आला तरी त्याला पंधरावा देता येणार नाही. तुमच्याच तोंडचं वाक्य दाखवतील. मी आठ दिवस पायऱ्या चढलो ते यासाठी नाही."

मी काकूंकडे पाहिलं. काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ह्यांचं बरोबर आहे. आणि तुम्ही आता पत्र लिहू नका, बोला."

म्हणून बोलते आहे.

बावीस. ताई, साहेब, अध्यक्ष बाई, ध्वनिक्षेपक नीट चालू आहे ना? बावीस आटे. एकतीस वर्षं. रोज.

गेले दोन महिने नवीन दादा चौदा देतात. ते तिथे मागे उभे आहेत, त्यांचा काही दोष नाही, त्यांच्या हातात हुकूम आहे. चौदा झाले की त्यांचा आवाज थांबतो. मग काय होतं, दादा? सांगा ताईंना. लाजता काय? मी सांगते. वर आमच्या खिडक्यांतून बायका म्हणतात, पंधरा. सोळा. सतरा. थेट बावीसपर्यंत. नळाला पाणी येत नाही. मग आम्ही हंडे घेऊन एकसष्ट पायऱ्या उतरतो आणि भरलेले घेऊन चढतो. पण दोन महिन्यांत एकही सकाळ आम्ही आकडा सोडलेला नाही. कुणी म्हणेल हा उद्धटपणा आहे. असू दे.

नगराध्यक्षा ताई, आता तुमच्याशी. वीस वर्षं तुम्ही या शहरातल्या मुलींना शिवण शिकवलंत. माझ्या दोन्ही मुली तुमच्याकडे होत्या. मत मागायला तुम्ही आमच्या दारात आलात, तेव्हा तुम्हाला आधी पाणी हवं होतं, पायऱ्यांनी दम लागला होता. मी अर्धं भांडं दिलं. तुम्ही रिकामं भांडं बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि एवढंच म्हणालात, "समजलं." याआधीचे उमेदवार चौकातूनच हात हलवून जायचे. आमच्या अठरा घरांची मतं तुम्हाला त्या एका शब्दासाठी पडली आहेत, तुमच्या पत्रकावरच्या बागेसाठी नाही. बाग नाही झाली तरी चालेल.

तुमचे साहेब म्हणतात, सगळ्यांना चौदा म्हणजे समान न्याय. ताई, तुम्ही वर्गातल्या तीस मुलींना एकाच मापाचा झगा कापलात का कधी? आमच्या मोठीचा खांदा वर-खाली आहे. तुम्ही तिला शिकवलंत, "आधी अंग मोज, मग कापड काप." काका तेच करत होते. त्यांनी चढ मोजला, मग चावी फिरवली. ज्याने तो हुकूम लिहिला त्याने फक्त कापड पाहिलं. अभियंता साहेब, उद्या पहाटे आमच्याकडे या. चहा देईन. पाणी मात्र तुम्हाला वर घेऊन यावं लागेल.

तेव्हा मागणी दोन. काकांची चौकशी बंद व्हावी ती "बावीस आटे दिले आणि ते योग्य दिले" असं लिहून, आणि पेन्शन सुटावी. दुसरी, चढाच्या गल्लीसाठी बाविसाचा लेखी हुकूम निघावा, म्हणजे नवीन दादांना चौदावर थांबावं लागणार नाही. आणि एक विनंती, तिला खर्च नाही. त्या आवक नोंदवहीत पट्टी लावून चौथा रकाना आखावा. वर "आभार" असं लिहावं. भरायचा कसा ते आम्ही बघतो.

ताई, तुम्ही आत्ता उठून मला उत्तर देऊ नका. समारंभात दिलेली आश्वासनं खुर्च्यांबरोबर परत जातात, हे मी बरेच समारंभ बघून सांगते. मला लेखी हवं. उरलेल्या तीस रुपयांतले पाच यातच गेले. हे पाकीट. तिकीट लावलेलं आहे, माझा पत्ता लिहिलेला आहे. आत तुम्ही फक्त "होय" किंवा "नाही" लिहायचं आणि सही करायची. नाही असेल तरी चालेल, आम्हाला पुढे काय करायचं ते ठरवता येईल. पण उत्तर उलट टपाली यावं. बाकीचे पंचवीस रुपये मी राखून ठेवले आहेत. पाच रुपयांचं एक, अशी आणखी पाच पाकिटं होतात.

काका, हा कोट घ्या. खिसे मोठे बघून घेतला आहे, हात ठेवायला. चावी नसली की हातांचं काय करायचं ते तुम्हाला कळत नाही, हे आम्ही दोन महिने बघतो आहोत. आमच्या गल्लीने तुम्हाला नोटीस मिळवून दिली, आणि तुम्ही काल त्या गल्लीसाठी स्वतःची पेन्शन बाजूला ठेवलीत. याचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. मागचा अनुभव वाईट आहे.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, अध्यक्ष बाईंनी दोनदा घड्याळ पाहूनही मला बाकावर उभं केलं नाही, याबद्दल ऋणी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, पाहुण्यांना काही लागलं असेल, हिशेबात रुपया इकडचा तिकडे झाला असेल, तर पदरात घ्यावं. बावीस मात्र चूक नाही. त्याची माफी मी मागत नाही.