वेताची वेस

आलेइडा : 'वेत ओलांडू नकोस, पोरी. त्याला बांधलेली पानं आपसूक गळून पडेपर्यंत तुमच्यातलं कुणी खाली यायचं नाही.' खालच्या गावच्या उसुनचे हेच शब्द, योस्त. होडीतूनच सांगितले तिनं, काठाला पाय लावला नाही. आणि मी हो म्हटलं.

योस्त : तू कोण हो म्हणणारी? ठाण्याचा अंमलदार मी आहे. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत वेत ताणून ही इथली दायाक मंडळी आपल्याला कोंडून घालतात, आणि माझी बायको त्यांना वचनं देते! हाल्टर, शिपाईगडी ना तू? सांग हिला, याला वेढा म्हणतात.

हाल्टर : म्हणत असतील, साहेब. पण वेढा घालणारे रोज सकाळी वेढ्यातल्यांसाठी भात आणि भाजलेला मासा खडकावर ठेवून जातात, हे मी नव्हतं ऐकलं. आमच्या स्वित्झर्लंडात पाहुण्याचीसुद्धा एवढी सरबराई होत नाही.

योस्त : कापायच्या आधी बोकडालाही चारतात.

हाल्टर : मग या बोकडाला अजून थोडा भात वाढा, बाईसाहेब.

आलेइडा : घे. पोटभर जेव. योस्त, तो वेत लढाईचा नाही. गावात रोग शिरू नये म्हणून घातलेली वेस आहे ती. आपला कारकून देवीनं गेला, आणि त्याला पुरलं त्याच संध्याकाळी वेत ताणला गेला. ते आपल्याशी भांडत नाहीत. आपल्याला भितात.

योस्त : कारकून गेला, त्याच्यासोबत रोगही गेला. आणि मला लहानपणी टोचलेलं आहे.

आलेइडा : त्यालाही टोचलेलं होतं.

योस्त : तुला प्रत्येक गोष्टीला उत्तर सापडतं. पुरे. उद्या उजाडलं की खाली बंदराकडं निघायचं. वेत तोडायचा, रात्री उसुनच्या लांबघरात मुक्काम. पुढच्या खळाळातून तिची माणसं होडी ओढून देतील, नेहमी देतात तशी.

आलेइडा : आणि नाही म्हणाली तर?

योस्त : बंदूक भिंतीला शोभेसाठी नाही टांगलेली.

आलेइडा : त्या घरात एका आढ्याखाली अख्खा गाव निजतो, योस्त. तान्ही लेकरं आहेत. तिथं एकालाही टोचलेलं नाही. आपली लेक नेल्के गेली तेव्हा याच लोकांनी दुखवटा पाळला होता. त्यांच्याकडं सुगीचा सण होता, तरी उसुननं कुणाला थाळा बडवू दिला नाही. रात्रभर माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती ती. तू कचेरीतून बाहेर आला नव्हतास.

योस्त : मला बाहेर येववत नव्हतं.

आलेइडा : ठाऊक आहे मला. म्हणून कधी बोलले नाही. बरं, एक कर. बाही वर कर.

योस्त : काय?

आलेइडा : एवढं उकडतंय, हाल्टर सदरा काढून बसलाय, आणि तू मनगटापर्यंत गुंड्या लावून जेवतोस. भातही डाव्या हातानं खातोयस. वर कर.

योस्त : डास चावलेत.

आलेइडा : वर कर, योस्त.

हाल्टर : राहू द्या, बाईसाहेब. मी बघितलंय काल, साहेब तोंड धूत होते तेव्हा. डास नव्हेत ते. माझ्या तोंडाची लहानपणीच चाळणी झालीय, मला ओळखू येतात.

योस्त : नालायका!

हाल्टर : आहेच मी, साहेब.

योस्त : त्याचा हात धरला होता मी. कारकुनाचा. आई, आई करत होता. बाकी कुणी जवळ जाईना. मग काय करायला हवं होतं मी? सांग ना, देवभक्त बाई, सांग. हात सोडायला हवा होता?

आलेइडा : नाही रे. बरोबरच केलंस तू.

योस्त : मग त्याचं हे फळ? मला इथं मरायचं नाही, आलेइडा. या चिखलात, जळवांत. खाली बंदरात डॉक्टर आहे, बर्फ आहे. मी उद्या जाणार. वाटेत कुणाला काय होतं ते मी बघणार नाही. माझ्याच्यानं आता बघवणार नाही.

आलेइडा : अंग तापलंय तुझं. जरा पडून घे. ओला फडका देते कपाळावर.

योस्त : बंदूक दे आधी. उशाशी राहू दे.

(योस्त आत जाऊन पडतो. बऱ्याच वेळानं आलेइडा ओसरीवर येते.)

हाल्टर : लागला डोळा?

आलेइडा : लागला. हाल्टर, होडीच्या बुडाला बूच आहे ना, पाणी काढायचं?

हाल्टर : आहे. बाईसाहेब, ही एकच होडी आहे आपल्याकडं.

आलेइडा : म्हणूनच विचारते.

हाल्टर : बंदरावरून लाँच कधी येईल याचा नेम नाही. साहेब त्याआधी... आणि तुम्ही? तुम्ही सकाळपासून कंबर धरून चालताय. देवी यायच्या आधी माझीही कंबरच धरली होती. मी मुद्दामच विचारलं नाही.

आलेइडा : नकोच विचारू. तुला हा रोग पुन्हा व्हायचा नाही. आम्हाला पाणी पाजायला तू आहेस, हे देवानं आधीच योजलं असेल. मात्र आमच्यामागं तूही खाली जायचं नाहीस. पानं गळेपर्यंत.

हाल्टर : नाही जात. शपथ घालू नका, असाच नाही जात. पण नुसतं बूच काढून भागायचं नाही. लाकडी होडी ती, काठापर्यंत भरली तरी तरंगत राहील. साहेब बाहेर काढतील परत. खोल पाण्यात नेऊन आत वजन टाकायला हवं. या चिखलात दगड कुठून आणणार?

आलेइडा : आहेत. रोज प्रार्थना झाली की खडकावरून एक उचलून आणते मी. चुकले नाही कधी. पुरतील आता.

हाल्टर : बाईसाहेब, ते तर पोरीच्या...

आलेइडा : ती नाही रागावायची. भारी समजूतदार होती. चल, तू होडी थडग्याच्या बाजूला घे. मी देते हातात एकेक.

योस्त : (आतून) आलेइडा? कुठं निघालीस?

आलेइडा : कुठं नाही. नेल्केकडं जाऊन येते, रोजच्यासारखी.

योस्त : आज दगड नेलास?

आलेइडा : नीज तू. दगड तिथंच आहेत.