पोशीरच्या रिव्हॉल्वरची माशी

वहिनी, बाजारपेठेतली मंडळी, गावागावांहून आलेले पाहुणे, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

मला माइकवर बोलायची सवय नाही. चौथीपर्यंत शिकलो. कागदावर लिहून आणलंय, पण चष्मा घरी राहिला की खिशातच आहे, तेही आता कळत नाही. कुणीतरी वहिनींना पाणी द्या आधी. दिलंय का? बरं.

भास्करदादा गेले त्याला आज दहा दिवस झाले. कर्जतच्या बाजारात बंदूक दुरुस्तीचं त्यांचं परवान्याचं दुकान. त्या दुकानात मी, शिवराम, चाळीस वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. माझ्याआधी सगळे चांगलं बोलले. दादा सरळ होते, दादा शांत होते. मग मला सांगा, गेली दोन वर्षं त्यांच्या दुकानाची पायरी कोण चढलं? तुमच्यापैकी कोण चढलं?

रागावू नका. मी कुणाला दोष द्यायला उभा नाही. मला सांगायचंय ते वेगळं आहे, आणि ते सांगेपर्यंत माझा धीर टिकतो की नाही याची मला भीती वाटते.

दोन वर्षांपूर्वी पोशीरच्या कैलासवासी आबा पाटलांचा नातू अजित आजोबांची विलायती रिव्हॉल्वर घेऊन आला. बरोबर मुंबईचे एक गृहस्थ होते. जुनी हत्यारं जमवणारे, परवानेवाले. ती विकत घेण्याआधी त्यांना एवढंच हवं होतं, ही फॅक्टरीतून निघाली तशीच आहे की नंतर कुणी हात लावलाय, ते दादांनी सांगावं. दादांच्या शब्दाला तेव्हा मुंबईपर्यंत मान होता.

दादांनी काय केलं? आधी डोळे मिटले. नळीवरच्या शिक्क्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. मला ते नेहमी सांगायचे, "शिवा, फॅक्टरीत आधी घासतात, मग शिक्का मारतात. म्हणून अक्षराच्या कडेला लोखंड जरासं वर येतं. ते नखाला लागलं नाय, तर समज, मागनं कुणीतरी घासलंय." मग त्यांनी मुठीचं लाकूड काढलं. लाकडाखाली जुना रंग होता, निळसर, खोल. बाहेरचा रंग काळा. दोन्ही उजेडात धरून पाहिले. शेवटी नळीच्या टोकाची माशी पाहिली. माशी म्हणजे नेम धरायचा तो दाणा. भिंग लावून बराच वेळ पाहिली.

अजित हसत म्हणाला, "एवढं काय बघताय मिस्त्री? पोरगी बघायला आलाय का? म्हणा की ओरिजिनल."

दादा म्हणाले, "नंबर सगळे जुळतायत. नळी तीच, चक्र तेच. पण घासलेली हाय, रंग दुसरा हाय, आन् माशी फॅक्टरीची नाय. मूळ म्हणता येनार नाय."

ते गृहस्थ उठले, नमस्कार करून गेले. मग अजित मोठ्यानं बोलला. रस्त्यावरची माणसं थांबली एवढ्या मोठ्यानं. "आमची रिव्हॉल्वर तुमच्या दुकानाशिवाय कुठंच गेली नाय. मग मूळ माशी काढली कुणी? विकली कुणाला?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "माज्या दुकानात झालं आसंल तर ते माजं."

एवढंच. त्यानंतर बाजारात बोभाटा झाला, भास्कर मिस्त्री जुन्या हत्यारांचे मूळ भाग काढून विकतो. माणसं दुरुस्तीला पनवेलला जायला लागली. दादा रोज सकाळी दुकान उघडायचे, अवजारं पुसायचे, बसून राहायचे.

मंडळी, ती माशी मी बसवली होती.

खूप वर्षं झाली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आबा पाटील आले. रिव्हॉल्वरवर गंजाचे डाग होते. म्हणाले, "उद्या पूजेला मांडायची हाय, आरशासारखी कर रं शिवा." दादा सासुरवाडीला गेले होते. ते असते तर घासू दिली नसती. जुनं हत्यार पुसायचं, तेल लावायचं, घासायचं नाही, हा त्यांचा नियम. पण पूजेला गंजकं हत्यार कसं मांडायचं? आपल्याकडे कोण मांडतं? मी पॉलिशच्या चाकावर धरली. हातातून निसटली, खाली फरशीवर पडली, माशी मोडली. मी पोलादाच्या तुकड्यातून कानशीनं घासून दुसरी काढली, बसवली, वर रंग चढवला. आबा खूश. दसऱ्याला मला आपट्याचं पान देऊन म्हणाले, "हात सोन्याचा हाय तुजा." मला अभिमान वाटला. दादांना मी सांगितलं नाही. तेव्हा भीतीनं, नंतर लाजेनं.

आणि अजित ओरडत होता तेव्हा मी कुठे होतो? तिथेच. तेलाचं फडकं हातात धरून.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात दादांनी विचारलं, "शिवा, ती माशी कुनी बसवली आसंल रं?" मी म्हणालो, "काय ठावं, दादा." ते म्हणाले, "कोनी का आसंना. कानस सरळ चालवलीय त्यानं."

मला कानस धरायला त्यांनीच शिकवलं होतं. स्वतः शिकवलेला हात माणसाला ओळखू येत नाही का? आला असेल, तर त्यांनी मला सांगायची संधी दिली होती. नसेल आला, तर ते कोडं तसंच घेऊन गेले. दोन्हीकडून दोषी मीच. आता विचारू कुणाला?

काल अजितला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "काका, मेलेल्या मानसासाठी आता खोटं कशाला बोलताय? चहा घ्या." मी म्हणालो, तशीच माशी तुझ्यासमोर काढून दाखवतो. त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. हे बघा, कागदसुद्धा धरवत नाही. त्यानं चहा माझ्यासमोर ठेवला आणि आत गेला.

तुम्हीही तेच म्हणाल. म्हातारा मालकाची बाजू घेतोय. म्हणा. माझ्याकडे पुरावा नाही, आणि ज्याच्या शब्दाला पुरावा लागत नव्हता तो माणूस गेला.

वहिनी, तुमच्या पाया पडायचं धैर्यसुद्धा मला होत नाही.

दादा, तुम्ही सांगितलं ते खरं होतं. ती मूळ नव्हती.

आता सगळ्यांनी उभं राहावं आणि दोन मिनिटं शांत राहावं. तुम्ही राहा. मी दोन वर्षं राहिलो.